काळ्या पडद्यावरचं टायपिंग

“आत्या, होतंय का काही?”

भाच्याने पुन्हा विचारलं. दवाखान्यात खाटेवर आडवं सरकवायचं जेवणाचं टेबल असतं, त्यावर तिच्या दादाचा लॅपटॉप उघडा होता. आतला पंखा घरघरत होता, चार्जरचा दिवा लागलेला होता आणि पडदा मात्र काळाकुट्ट. वरच्या कोपऱ्यात एक बारीकशी रेघ तेवढी उघडझाप करत होती.

“मशीन चालू आहे,” ती म्हणाली. “चित्र येत नाहीये.”

“म्हणजे बंदच की!”

“बंद असतं तर बरं होतं. बंद मशीनपुढे कुणी आशेने बसत नाही.”

दादा उशीला टेकून बसला होता. गळ्याला पट्टी, पट्टीतून बाहेर आलेली नळी. पहिल्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं, त्याबरोबर आवाज गेला. हाताचा कंप पूर्वीपासूनचाच. त्याने कागदावर काही लिहिलं तर ते वाचायला औषधांच्या दुकानातला माणूस बोलवावा लागला असता. मोबाइलची अक्षरं इतकी बारीक की एका बोटाखाली तीन-तीन यायची. उरला लॅपटॉप. एका बोटाने तो सावकाश टाइप करायचा, पडद्यावर ठळक अक्षरं उमटायची आणि घरचे ती वाचायचे. सध्या हेच त्याचं बोलणं.

भाच्याकडेही लॅपटॉप होता, पण तो ऑफिसचा. त्यावर साधं मराठी चढवायचं तरी चार जणांची परवानगी हवी. शिवाय दादाला लागायची जुन्या टाइपरायटरची अक्षरमांडणी, कारण तो जन्मभर कचेरीत टायपिस्ट होता. ती मांडणी त्याने या लॅपटॉपवर हौसेने बसवून घेतली होती. सिस्टिमही फुकटातली, कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी अशी. तिच्यावर त्याचा जीव. बाकीच्यांना ती म्हणजे नसती ब्याद वाटायची.

काल संध्याकाळी त्याने सिस्टिम अपडेट केली आणि आज सकाळपासून हे. दुपारी डॉक्टर येणार होते. दुसरं ऑपरेशन करायचं की नाही, ते आज ठरायचं होतं.

ती एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक होती. ‘लॅबच्या बाई’ हेच तिचं नाव झालं होतं. बाई, माऊस हलत नाही. बाई, प्रिंटरने कागद खाल्ला. बाई, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं. हे ऐकत तिचे केस पांढरे झाले होते. सुट्टीच्या दिवशीही कुणी काळा पडदा पुढ्यात ठेवेल आणि तो दादाचा असेल, हे काही तिने मागितलं नव्हतं. तिची पाठ दुखत होती. दवाखान्यातल्या स्टुलावर बसून माणसाने रात्र काढावी असं ते बनवणाऱ्याच्या मनातही नसावं.

तिने उजेड वाढवायची कळ दाबून पाहिली. बॅटरी काढून परत घातली. दोष कुठे आहे ते तिला साधारण कळलं होतं. पडद्यावर चित्र उमटवायचं काम करतं ग्राफिक्स कार्ड, आणि सिस्टिमचं म्हणणं त्या कार्डाला समजावून सांगतो तो ड्रायव्हर. सिस्टिमचा गाभा नवा आला, ड्रायव्हर जुनाच राहिला, दोघांचं पटेना. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे सुरू होताना जुना गाभा निवडायचा. तिने मशीन पुन्हा सुरू केलं, कळ दाबून धरली, यादी आली. यादीत जुना गाभा नव्हताच.

“दादा, तू जुनं सगळं पुसून टाकलंस?”

दादाने मान डोलावली.

“नवीन चालतंय का हे बघायच्या आधीच?”

पुन्हा मान डोलावली, तीही जरा ऐटीत. टेबलावर चहाचा डाग राहिला तरी त्याला झोप यायची नाही. प्रत्येक अपडेटनंतर तो असाच झाडलोट करायचा. त्या स्वच्छतेपायी आज बोलती बंद झाली होती.

“राहू दे आत्या,” भाचा म्हणाला. “बाबांना काय म्हणायचंय ते मला माहितीये. घाबरलेत ते. डॉक्टर विचारतील, मी हो सांगतो.”

दादाने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

“बघ, घाबरलेतच!” भाचा म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. रजा संपत आली होती, डोळे तांबारले होते आणि बाप हवा होता, एवढंच. “डॉक्टर निघाले का बघून येतो,” म्हणून तो बाहेर गेला.

खोलीत दोघंच उरली. दादाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि काळ्या पडद्यासमोर टाइप करायला लागला.

“अरे, दिसत नाहीये त्यात काही,” ती म्हणाली आणि तिची नजर त्याच्या बोटावर गेली.

दिसत नव्हतं, पण कळत होतं. टायपिंग तिला दादानेच शिकवलं होतं, याच मांडणीवर. ती खाली बघते म्हणून तो तिच्या हातांवर टॉवेल टाकायचा. कुठल्या बोटाखाली कुठलं अक्षर ते तिच्या अंगात भिनलं होतं. आता त्याचं थरथरतं बोट एकेका कळीवर जाऊन बसत होतं आणि अक्षरं तिच्या डोक्यात आपोआप जुळत होती. पु. न्हा. का. पू. दे. ऊ. न. को.

पुन्हा कापू देऊ नको.

ती खिडकीकडे वळून बसली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी “येऊ दे, येऊ दे” म्हणत होता. दादाने टेबलावर टकटक केलं. तिने पाहिलं. त्याने तेच परत टाइप केलं, या वेळी अधिक सावकाश, अजून हातांवर टॉवेल असलेल्या मुलीला शिकवावं तसं.

“मला नाही कळत,” ती म्हणाली.

खोटं बोलताना तिचा आवाज चढायचा. दादाला ते ठाऊक होतं.

तिने लॅपटॉप आपल्याकडे घेतला. जुना गाभा नसला तरी दुसरी एक वाट होती. सुरू होतानाच्या त्या यादीवर थांबायचं, एक ओळ उघडायची आणि तिच्या शेवटी एकच शब्द लिहायचा: नोमोडसेट. म्हणजे बाबा रे, कार्डाच्या नादी लागू नकोस, जमेल तसं साधं चित्र दाखव. चित्र ओबडधोबड येतं, पण येतं. लॅबमध्ये हा शब्द तिने इतक्या वेळा लिहिला होता की बोटं आपली आपण चालायची.

आज बोटं चालली नाहीत. ओळ समोर उघडी होती आणि ती नुसती बघत राहिली. जमत नाही म्हणायचं, बास. कुणी दोष दिला नसता. भाचा हो म्हणाला असता, ऑपरेशन झालं असतं, आणि कुणी सांगावं, दादा वर्षभर राहिलाही असता. नळ्यांसकट का होईना, पण राहिला असता. दादा गेल्यावर तिला लहान समजणारं कुणी उरणार नव्हतं. या विचाराची तिला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून रागही आला.

तिने बटण दाबून मशीन बंद केलं.

“नाही होत रे.”

दादा तिच्याकडे बघत राहिला. ती ओळ त्यानेही पाहिली होती, आणि तिच्या शेवटी काही लिहिलं गेलं नाही हेही. मग त्याने हात लांबवला आणि बंद मशीनच्या कळींवर बोट फिरवलं. बा. र. के. थांबला, श्वास घेतला. श. ब्द. वि. स. र. ली. स.

पुढे प्रश्नचिन्हसुद्धा दिलं. टायपिस्ट तो टायपिस्टच.

“काही विसरले नाही,” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “सगळं येतं मला. तूच शिकवून ठेवलंयस ना!”

पदराने तोंड पुसून तिने मशीन सुरू केलं. यादीवर थांबली, ओळ उघडली, शब्द लिहिला. काळ्या पडद्यावर भराभर ओळी धावल्या आणि मग चित्र आलं, भलं मोठं, कडा फाटलेलं. पासवर्ड दादाने स्वतः टाकला.

डॉक्टर आले तेव्हा भाचा त्यांच्या मागेच होता. पडद्यावरचा उजेड बघून तो दारातच थबकला.

“वा, काका, बोलायला लागलात!” डॉक्टर म्हणाले. ते खाटेच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. “मला इथून वाचता येत नाहीये. बाई, तुम्ही वाचता का?”

दादाचं बोट चालू झालं. एकेक अक्षर उमटत गेलं आणि ती वाचत गेली. मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं असा तिचा लॅबमधला आवाज होता, तोच तिने लावला.

“डॉक्टर, तुम्ही फार केलंत. आता पुन्हा कापू नका. मला घरी जायचंय.”

“बाबा!” भाचा म्हणाला. “आत्या, तू सांग ना त्यांना! तुझं ऐकतात ते.”

तिचे डोळे दादाच्या बोटावर होते. ते अजून चालत होतं.

“पोरा, तू फार पळालास,” तिने वाचलं. “आता घरी जाऊन झोप काढ.”

भाचा खाटेच्या पायथ्याशी बसला आणि त्याने तोंड ओंजळीत झाकून घेतलं. डॉक्टर वाकून हळू आवाजात म्हणाले, “काका, एकदा ठरवलं की हा रोग पुन्हा संधी देत नाही. नक्की ना?”

दादाने बोट उचललं. पण आता ते फार थकलं होतं. एक कळ दोनदा दाबली गेली, दुसरी चुकली. पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं. त्याने ते पुसलं आणि पुन्हा चुकलं. सगळे पडद्याकडे बघत होते.

तिने त्याचा हात कळींवरून उचलला आणि आपल्या हातात घेतला.

“नक्की,” ती म्हणाली.