टेकडीवरचं मशीन मोकळं आहे

क्लिनिकच्या तीन शाखांमधली चार स्कॅन मशिनं एकमेकांना जोडायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मास्तरांनी केली होती. तीस वर्षं स्कॅनच्या खोलीत काढलेला माणूस. निम्म्या तंत्रज्ञांना त्यांनीच शिकवलेलं, म्हणून मास्तर. "आपला संसार आपण करावा, शेजारच्या चुलीवर स्वयंपाक कशाला?" असं ते भर मीटिंगमध्ये बोलले होते.

खरं तर त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. स्कॅन दोन मिनिटांत होतो, पण मशीनमधून निघतात ते नुसते आकडे. त्यांचं चित्र करताना कॉम्प्युटरचा घाम निघतो. आता ज्याचा कॉम्प्युटर रिकामा बसलाय, त्यानं दुसऱ्याचं काम उरकून द्यायचं. कोणाकडे पाठवायचं ते जवळचं आणि मोकळं बघून यंत्रणाच ठरवायची. हातानं निवडायचीही सोय होती, पण ती कोणी वापरत नसे.

मास्तर वापरत. पडद्याच्या कडेला यादी असायची: चार मशिनं, प्रत्येकापुढे ड्यूटीवरच्या माणसाचं नाव, आणि मशीन 'मोकळं' की 'कामात'. चौथ्या ओळीत टेकडीवरची शाखा होती, आणि तिथे त्यांच्या लेकीचं नाव. ते पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मास्तरांची कुरकुर बंद झाली ती कायमची.

दोन वर्षांपूर्वी ती याच खोलीत बापाच्या हाताखाली काम करायची. एकदा तिनं डाव्या गुडघ्याऐवजी उजव्याचा स्कॅन केला. चूक तिच्याच लक्षात आली, पेशंटची माफी मागून तिनं लगेच डावाही केला. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण मास्तरांनी स्वतःच्या हातानं चुकांच्या नोंदवहीत नोंद केली. पोटच्या पोरीला सूट दिली तर इतरांना कोणत्या तोंडानं बोलायचं? तिला लेखी ताकीद मिळाली. तिनं वाद घातला नाही, बदली मागून घेतली आणि टेकडीजवळच खोली केली. तिनं चार शब्द सुनावले असते तर मास्तरांना परवडलं असतं.

आईशी ती रोज बोलायची. आई फोन घेऊन गॅलरीत जायची, दार लोटून घ्यायची, आणि मास्तरांच्या वाट्याला फक्त हसण्याचा आवाज यायचा. "बरी आहे ना?" विचारलं की बायको म्हणायची, "देवानं तोंड दिलंय ना तुम्हाला? लावा की फोन." मग मास्तर पेपरात डोकं खुपसायचे.

तर असा हा माणूस गुडघे, सायनस, मणके, जे जे घाईचं नसेल ते शेजारच्या खोलीतलं मशीन मोकळं असतानाही चौदा किलोमीटरवर लेकीकडे पाठवू लागला. तिच्या पडद्यावर काम आल्याची एक ओळ उमटे आणि त्यात पाठवणाऱ्याचं नाव असे, एवढंच. ती ते वाचत असेल, नक्की वाचत असेल, असं मास्तर स्वतःला बजावायचे. एकदा आठवडाभर तिच्या जागी दुसरंच नाव दिसलं तर यांना अन्न गोड लागेना. ती परतली त्या दिवशी यांनी सगळ्या मजल्याला चहा पाजला आणि कारण कोणाला सांगितलं नाही. फार आठवण यायची तिची. घरी यायची त्याहून जास्त या खोलीत.

असे सहा महिने गेले. मग एका मंगळवारी सकाळी अकराला शाळेतल्या एक शिक्षिका चक्कर येऊन पडल्या म्हणून आणल्या. जीभ जड झालेली, उजवा हात उचलेना. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे चित्रात दिसल्याशिवाय औषध देता येत नव्हतं. डॉक्टर मास्तरांच्या खुर्चीमागेच उभे होते. स्कॅन झाला आणि मास्तरांच्या बोटांनी रोजचंच केलं. चौथी ओळ दाबली.

चौथी ओळ 'कामात' होती. हातानं निवडलेलं काम यंत्रणा दुसरीकडे वळवत नाही, समोरच्यानं होकार देईपर्यंत ते रांगेत थांबतं. दोन मिनिटं गेली, तीन गेली. "का येत नाहीये?" डॉक्टरांनी विचारलं. मास्तरांनी आत्ता कुठे ती ओळ नीट वाचली. काम मागे घ्यायला गेले तर घाईत बोट भलतीकडेच पडलं. तेवढ्यात पडद्यावर उत्तर आलं, 'नाकारलं', आणि टेबलावरचा फोन वाजला.

"बाबा, तुमच्या शेजारचं मशीन मोकळं आहे. तिकडे टाका. लगेच. माझ्या टेबलावर पेशंट आहे."

फोन बंदही झाला. दोन वर्षांनी ऐकलेला आवाज, आणि तो असा. मास्तरांनी काम शेजारी टाकलं, चाळीस सेकंदांत चित्र आलं. गुठळी होती. डॉक्टर औषधाकडे धावले.

दोन वाजता तिचा पुन्हा फोन आला. "कशा आहेत त्या?"

"हात हलला. बोलतायत."

"चार मिनिटं गेली, बाबा."

"हो."

"मी नोंद करणार आहे."

"कर. करायलाच हवी."

"सहा महिने तुमचे गुडघे येतायत माझ्याकडे. मला काय कळत नव्हतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कारणाचा रकाना भरायचाय," ती म्हणाली. "माझ्या वेळी तुम्ही 'निष्काळजीपणा' लिहिलंत. नोंद झाली म्हणून नाही वाईट वाटलं. तो शब्द माझ्या बापानं लिहिला म्हणून वाटलं. आता तुम्हीच सांगा, तुमच्यापुढे काय लिहू?"

"लेकीची आठवण येत होती, असं लिही. खरं तेच आहे."

मग "ठेवते" म्हणून तिनं फोन ठेवला.

पाच वाजता नोंदीची प्रत पडद्यावर आली. तारीख, वेळ, उशीर चार मिनिटं. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: 'तंत्रज्ञांना मुलीची आठवण येत होती, म्हणून ते काम तिच्याकडे पाठवत. मुलीला हे सहा महिने माहीत होतं. तिनं कळवलं नाही, कारण ते येणं थांबू नये असं तिलाही वाटत होतं. चूक दोघांची.'

हे आता मोठे डॉक्टर वाचणार, सगळी शाखा वाचणार. मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा एकदा सगळं वाचलं आणि खाली 'मान्य' दाबलं.