कानसेन

"बंद करा! आधी ते बंद करा!"

मागच्या सीटवरून मुलीची आई ओरडली, तेव्हा कानसेनचं बोट अजून स्क्रीनवरच होतं. त्याने घाईने बटण दाबलं आणि गाणं थांबलं. पण मुलीचे हात कानांवरून निघाले नाहीत. अकरा वर्षांची ती मुलगी गुडघे पोटाशी घेऊन दाराला चिकटली होती. तोंड उघडं होतं आणि त्यातून एकसुरी हुंकार येत होता.

"गाणं बंद केलं ताई," कानसेन म्हणाला.

"गाणं नाही हो! ती शिट्टी. इंजिन चालू केलं की बारीक शिट्टी वाजते ना, ती."

"कुठे आहे शिट्टी?"

आईने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. आपली चेष्टा चालली आहे की काय, असा चेहरा झाला तिचा. "आत्तासुद्धा वाजतेय," ती म्हणाली. "जरा अ‍ॅक्सिलरेटर दाबा, वाढेल बघा."

कानसेनने पाय दाबला. इंजिनाची घरघर वाढली, आणखी काहीही झालं नाही. मागे मुलगी मात्र चटका बसल्यासारखी किंचाळली.

त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवायला लागून त्याला सव्वीस वर्षं झाली होती. कॅसेटच्या जमान्यात तो या दुकानात आला, मग सीडी आल्या, मग पडदे आले. सगळं बदललं, पण आवाज जुळवायची त्याची पद्धत तीच राहिली. काम संपलं की तो ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा, काचा वर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि ठरलेली तीन गाणी लावायचा. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग डोळे न उघडता म्हणायचा, "डावा दरवाजा खुळखुळतोय. आत एक स्क्रू सैल आहे." दरवाजा उघडला की स्क्रू खरंच सैल निघायचा. तानसेन शोधून सापडेल, पण असा कानसेन मिळायचा नाही, असं शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे. तेव्हापासून हेच नाव पडलं. दुकानात आवाज मोजायचा मायक्रोफोन आणि लॅपटॉप आला, तेव्हा त्याने हातही लावला नाही. "गाडीत बसून लॅपटॉप गाणी ऐकणार आहे का?" एवढंच तो म्हणाला होता.

"माझी मुलगी बोलत नाही," मागून आई सांगू लागली. तिचा आवाज आता खाली आला होता. "रोज सव्वा तास गाडीने न्यावं लागतं तिला शाळेत. खास शाळा आहे, जवळ दुसरी नाही. गाणं चालू असलं की शांत बसायची. जुना रेडिओ बिघडला म्हणून तुमच्याकडून हा बसवून घेतला. चार दिवस झाले, गाडीत पाय ठेवत नाही. आज मी आणि तिच्या मामाने उचलून आणली. उचलून, कळतंय का तुम्हाला? एवढ्या मुलीला."

"बघतो," कानसेन म्हणाला.

शिट्टी कशाची असणार, ते त्याला ठाऊक होतं. ते कळायला कान लागत नाही. सीटखाली बसवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची अर्थची वायर गाडीच्या उघड्या पत्र्याला नीट टेकली नसली, तर इंजिनाची वीज स्पीकरमध्ये शिरते आणि गाडी पळेल तशी ती शिट्टी चढत जाते. शिकाऊ माणसाची चूक. त्याने स्वतः कितीतरी जणांना त्यावरून झापलं होतं. इथे वायर त्याच्याच हातची होती. वाकून पाहिलं, तर सीटच्या बोल्टवर रंग तसाच होता आणि त्या रंगावरच वायर कसलेली होती. काम झाल्यावर त्याने नेहमीसारखे डोळे मिटले असणार, नेहमीसारखी तीन गाणी ऐकली असणार आणि मान हलवून किल्ली दिली असणार.

शेठना हाक मारावी, असं क्षणभर मनात आलं. शेठ दहा पावलांवर उभे होते. त्याने हाक मारली नाही.

त्याने वायर सोडली, दुसऱ्या जागी लावली, इंजिन चालू केलं आणि आरशात पाहिलं. मुलीचे हात कानांवरच. इंजिन बंद. मग गालिचा उचलून खालचा पत्रा घासला, चकचकीत होईपर्यंत घासला, नवा बोल्ट मारला. इंजिन चालू. मुलीची बोटं थोडी सैल पडली, पण तळवे निघाले नाहीत. म्हणजे अजून काहीतरी शिल्लक होतं. मग त्याच्या लक्षात आलं की गाण्याची केबल आणि बॅटरीची वायर त्याने एकाच बाजूने, एकमेकींना खेटून ओढल्या होत्या. त्याने अर्धी गाडी उचकटली आणि केबल दुसऱ्या बाजूने फिरवली. घामाने शर्ट पाठीला चिकटला. तासाभराने पुन्हा किल्ली फिरवली, पाय दाबला आणि आरशात पाहत राहिला.

मुलीने एक हात खाली घेतला. मग दुसरा.

"गेली," आई म्हणाली. "गेली शिट्टी."

"आता गाणं लावतो. हळू."

त्याने स्क्रीनवर आवाजाचं पान उघडलं. ट्रेबलची, म्हणजे वरच्या बारीक सुरांची, दांडी जवळजवळ टोकाला होती. त्यानेच नेली होती तिथे, कारण तिथे नेल्याशिवाय त्याला गाणं मोकळं वाटत नव्हतं. त्याने ती एक घर खाली आणली. आरशात मुलीच्या कपाळावर आठी होती. आणखी एक घर. आणखी एक. शून्याच्याही खाली दोन घरं गेल्यावर गाणं त्याला गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. गाणाऱ्या बाईचे शब्द विरघळले, झांज तर नाहीशीच झाली. आणि मुलीने मान कलती करून कानशील दाराच्या स्पीकरला टेकवलं.

"बास," आई पटकन म्हणाली. "आता काही हलवू नका."

तो उतरला. आईही उतरून त्याच्याजवळ आली आणि तिने हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हती?"

"दुकानात गोंगाट असतो ना," कानसेन म्हणाला.

दुकानात त्या वेळी दुसरी गाडी नव्हती.

घरी गेल्यावर तो बराच वेळ चहाचा कप हातात धरून बसला. बायको समोर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, मला ऐकू कमी येतं का?"

तिचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही. "कोणी काही बोललं का?"

"मी विचारतोय."

"दाराची बेल वाजली की कोण उठतं घरात? वॉशिंग मशीन पीं पीं करत राहतं, तुम्ही शेजारी बसून पेपर वाचता. पोरगी फोनवर बोलते तेव्हा नुसतं हं हं करता आणि मग मला विचारता, काय म्हणाली?"

"मग सांगायचं नाहीस?"

"काय सांगणार होते?" तिने घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडला. "आख्खं गाव तुम्हाला ज्या नावाने ओळखतं, ते नाव मी कशी काढून घेऊ?"

तपासणीला तो एकटाच गेला. काचेच्या खोलीत बसवून त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. सूर ऐकू आला की दाबायचं. काचेपलीकडे पांढऱ्या कोटातली मुलगी यंत्र फिरवत होती. सुरुवातीचे जाडे सूर त्याने पटापट टिपले. मग मध्येच नुसती शांतता आली. तिचं मनगट मात्र हललेलं त्याला दिसलं, आणि अंगठा आपोआप बटणावर दाबला गेला. आणखी एकदा मनगट हललं, आणखी एकदा त्याने दाबलं. तिने कागदावर खूण केली. कानसेनने हेडफोन काढले, खुर्ची उचलून फिरवली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "शेवटचे दोन पुसा. ते मी बघून दाबले." त्यानंतर तो बराच वेळ भिंतीकडे पाहत बसला. बटण दाबायची वेळ पुन्हा फारशी आली नाही.

कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालली होती आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. दोन्ही कानांची.

"मोठ्या आवाजात काम करता का?" मुलीने विचारलं.

"आवाजाचंच काम करतो."

"हे परत येत नाही, काका. कानाला मशीन लावलं तर बोलणं नीट कळेल. गाण्याचं मात्र मी काही सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने तो कागद शेठपुढे ठेवला. शेठनी चष्मा लावून पाहिला, काढून पुसला, पुन्हा लावला. "हे कोणाला दाखवलंस?"

"कोणाला नाही."

"मग राहू दे ना. लॅपटॉप आहे की. आवाज लॅपटॉपवर जुळवू. तू फक्त आपला शेवटी सीटवर बसत जा. डोळे मिटायचे, मान हलवायची. लोकांना तू बसलेला पाहिजे असतोस. तुझं नाव सांगत येतात ते."

समोर एका नव्या गाडीचा मालक हात मागे बांधून उभा होता, त्याच्याकडेच कौतुकाने बघत होता.

"नाही जमायचं शेठ," तो म्हणाला. "वायरिंग करीन. दरवाजे उघडीन. सीटवर नाही बसणार."

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो दुकानामागच्या पायरीवर बसला आणि मोबाइल उघडला. गिऱ्हाइकांचे नंबर त्याने गाडीवरून ठेवलेले असत. 'लाल गाडी, मागचे स्पीकर.' 'डॉक्टरीणबाई, करडी.' 'पांढरी, आवाज टोचतो.' 'निळी, आवाज टोचतो.' 'पांढरी दुसरी, आवाज टोचतो.' गेल्या दोन वर्षांत असे किती जण परत आले होते, ते त्याने तेव्हा कधी मोजलं नव्हतं. तुम्हाला हलक्या आवाजाची सवय आहे, आठ दिवस ऐका, कान तयार होईल, असं सांगून त्याने सगळ्यांना वाटेला लावलं होतं. आणि ते गेलेही होते.

त्याने 'आवाज टोचतो'वाल्यांतला पहिला नंबर लावला. उचलला गेला नाही. दुसऱ्या माणसाने गाडी विकली होती. तिसरा नंबर एका निवृत्त टायपिस्टचा होता. हे गृहस्थ दोनदा आले होते. दुसऱ्या वेळी दुकानात चार माणसं होती, आणि त्या चौघांदेखत कानसेन म्हणाला होता, "गाडी ठीक आहे काका, एकदा कान दाखवून या." चौघे हसले होते. गृहस्थही हसले होते.

"काका, मी स्टिरिओच्या दुकानातून बोलतोय."

"हां, हां. कानसेन ना? बोला."

"तुम्ही म्हणाला होतात ना, आवाज टोचतो. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. मलाच वरचे बारीक सूर ऐकू येत नाहीत."

"मी दाखवले की कान," गृहस्थ म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. पण म्हटलं, तुमच्यासारखा माणूस सांगतोय म्हणजे काहीतरी असेल. मग गाणी लावणंच सोडलं."

"गाडी घेऊन या काका. पाच मिनिटांचं काम आहे."

"नको हो. आता शांत बसायची सवय झाली." मग जरा घुटमळून म्हणाले, "एक विचारू का? त्या स्क्रीनवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. मला काही ते जमत नाही. फोनवर सांगता येईल?"

"येईल ना. गाडीत जाऊन बसा, मी थांबतो."

चपला घासत गेल्याचा आवाज आला. मग कुठेतरी किल्ल्या वाजल्या असाव्यात.

"बसलो."

"उजवीकडे खाली चाकाचं चित्र दिसतंय? ते दाबा. आता 'वेळ' लिहिलंय का?"

"थांबा हां… वेळ. हो. दाबलं."

"खालच्या बाणाने मागे घ्या. सात वेळा."

गृहस्थ तोंडाने मोजत होते. सात म्हणून थांबले.

"काका, त्याच पानावर खाली 'आवाज' आहे बघा. ते उघडलंत, तर मी सांगतो, ट्रेबल शून्यावर—"

"नको," गृहस्थ सौम्यपणे म्हणाले. "घड्याळापुरतंच पुरे. बरोबर झालं आता. फोन केलात, बरं वाटलं."

त्यांनी फोन बंद केला नव्हता, नुसताच खिशात टाकला असावा. ते गाडीतून उतरले, दार लोटलं, आणि दार बसल्याचा तो जाडा, बुटका आवाज कानसेनला अगदी स्पष्ट ऐकू आला.