इंजिन आणि आठ डबे

गल्लीत त्यांना सगळे गंजकाका म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या यार्डात मालगाडीचे डबे तपासण्याचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर डबे तपासायचं सुटलं आणि डबे करायचं सुरू झालं. पितळेचा पत्रा, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि तार यांतून ते खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा, अर्ध्या वितीचा डबा उभा करत. चाकं, स्प्रिंगा, शिडी, दाराची कडी, सगळं जागच्या जागी. पण नाव झालं ते गंजामुळे. नवा कोरा डबा कोणीही करेल, वीस वर्षं उन्हापावसात राबलेला करून दाखवा, असं ते म्हणत. आधी तपकिरी रंगाचा हात, तो वाळला की पाण्याचं बोट फिरवून वर चिमूटभर मीठ, मग त्यावर डब्याचा खरा रंग. सगळं सुकलं की ब्रशने मीठ झाडायचं. जिथे मीठ होतं तिथला रंग निघून येई आणि खालचा गंज डोकं वर काढी. मग खडूची पूड, थोडी काजळी, कडांना पेन्सिलीचं शिसं.

"भाजीत मीठ विसरले तर घर डोक्यावर घेता," काकू म्हणायच्या, "आणि डब्याला बरोबर आठवणीने घालता."

काकूंचाही या कामात वाटा होता. त्यांची नजर घारीची. काम संपत आलं की त्या एका हातात मूळ गाडीचा फोटो आणि दुसऱ्या हातात भिंग घेऊन बसत आणि एकेक वस्तू पडताळून बघत. त्यांनी मान हलवल्याशिवाय डबा घराबाहेर जात नसे.

एका सकाळी दारात एक बाई उभी राहिली. तिशी उलटलेली, खांद्याला पिशवी, हातात जाड पाकीट. खुर्चीवर बसल्यावर तिने सांगितलं की ती दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या आणि खोटे दात बनवते.

"म्हणजे आपण एकाच धंद्यातले," काका हसून म्हणाले.

"खरंच आहे. अगदी पांढरा दात केला की लगेच खोटा दिसतो. थोडा चहाचा डाग द्यावा लागतो." मग तिने पाकीट मांडीवर घेतलं. "काका, मी ड्रायव्हरची मुलगी. एकोणीस वर्षांपूर्वी उतारावर जी मालगाडी घसरली ना, तिच्या."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू जागीच वाळलं.

तिने पाकिटातून फोटो काढून टेबलावर मांडले. अकरा होते. गाड्यांचे फोटो काढायचा छंद असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्या दिवशी यार्डाच्या कुंपणाबाहेरून ते काढले होते. गाडी सुटायच्या आधीचे आणि सुटतानाचे. अपघातानंतर त्यांना ते कोणाला दाखवायचा धीर झाला नाही. गेल्या वर्षी घर आवरताना पाकीट सापडलं, तेव्हा पत्ता शोधत ते स्वतः येऊन देऊन गेले.

"मला ही गाडी करून हवी आहे. सगळी नको, इंजिन आणि पहिले आठ डबे. सुटताना जशी होती तशी." मग दुसऱ्या फोटोवर तिने बोट ठेवलं. इंजिनाच्या शिडीपाशी एक माणूस वर कागद देत होता, आणि खिडकीतून वाकून ड्रायव्हर तो घेत होता. "हे तुम्ही ना? मी चौकशी करत करत आले. बाबांशी शेवटचं बोललेला माणूस तुम्ही. काय म्हणाले ते?"

"विशेष काही नाही," काका म्हणाले. "ऊन फार आहे, असं काहीतरी."

ती मान खाली घालून हसली. एवढंही तिला पुरल्यासारखं दिसलं.

काकांनी तब्येतीचं, हाताच्या थरथरीचं, हातातल्या कामांचं कारण काढून बघितलं. पण काकूंनी आतून चहा आणता आणताच निकाल देऊन टाकला. "थरथर कसली? काल तर सुईच्या नेढ्याएवढी कडी बसवलीत. करतील गं ते. तू निश्चिंत जा."

झालं. काम गळ्यात पडलं.

पहिले तीन आठवडे काकांनी फक्त कामाकडे बघितलं. इंजिनाचं नाक, जाळ्या, छतावरचे पंखे. धूर ओकून ओकून काळवंडलेली पाठ. खिडकीखाली ड्रायव्हरचं कोपर टेकून टेकून रंग उडालेला एक पट्टा होता, तोसुद्धा त्यांनी शून्य नंबरच्या ब्रशने काढला. तो काढताना मात्र हात थांबला. गाडी चालवताना कोपर बाहेर टेकवायची त्या माणसाची सवय त्यांना चांगली आठवत होती. माणूस अबोल, पण वक्तशीर. अपघाताच्या चौकशीत ठपका त्याच्यावरच आला होता. उतारावर वेग मर्यादेबाहेर गेला, ब्रेक उशिरा लावला. मेलेला माणूस उलट काय बोलणार? गाडीचे पुढचे डबे एकमेकांवर चढून जळून गेले होते, त्यामुळे तपासायलाही फारसं काही उरलं नव्हतं. काकांची साक्ष पाच मिनिटांत आटोपली होती. ब्रेक तपासला होता का? होता. कागदावर सही तुमचीच ना? माझीच.

चौथ्या आठवड्यात ते डब्यांच्या टोकांकडे वळले. मालगाडीच्या खालून ब्रेकच्या हवेचा पाइप इंजिनापासून शेवटपर्यंत जातो. प्रत्येक डब्याच्या दोन्ही टोकांना त्या पाइपला एकेक कॉक असतो. दांडी पाइपच्या रेषेत असली की हवा मागे जाते, आडवी असली की तिथेच अडते आणि मागच्या डब्यांना ब्रेक लागत नाही. ही दांडी करायला काका केसाएवढी तार वापरत. सातव्या फोटोत पहिले सहा डबे स्वच्छ दिसत होते. काकांनी भिंग धरलं आणि एकेक डबा बघत गेले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्या डब्याच्या पुढच्या टोकाला दांडी आडवी होती.

त्यांनी भिंग पुसलं. खिडकीपाशी जाऊन पुन्हा बघितलं. मग फोटो पालथा ठेवला आणि आठ दिवस टेबलाकडे फिरकले नाहीत.

काकूंना वाटलं, कंबर धरली असेल. त्यांनी तेल चोळून दिलं. काका मुकाट पडून राहिले. जेवताना घास तोंडात घोळत राही. रस्त्यावरून एखादा ट्रक ब्रेक लावत गेला की ते दचकत. एकदा काकूंनी विचारलं, "कोणाशी काही बोलणं झालं का?" ते म्हणाले, "कोणाशी होणार?"

नवव्या दिवशी ते उठले, तार कापली आणि पाचव्या डब्याची दांडी सरळ बसवली. गोंद वाळल्यावर वर गंजाचा हात दिला. दोन दिवसांत राहिलेलं सगळं झालं. इतक्या घाईने त्यांनी आयुष्यात काम केलं नव्हतं.

मग काकू पडताळणीला बसल्या. इंजिन झालं, चार डबे झाले. त्या गुणगुणत होत्या. मग गुणगुणणं थांबलं.

"अहो, हे चुकलंय. फोटोत ही दांडी आडवी आहे. तुम्ही सरळ लावलीत."

"सावली आहे ती."

"सावली कशी असेल? बाकीच्या दांड्यांची कुठे पडली आहे?" त्यांनी फोटो पुढे केला. "हे बघा ना."

"राहू दे. एवढं कोण बघतंय."

काकूंनी भिंग खाली ठेवलं. एवढं कोण बघतंय, हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी डबा परत काकांपुढे सरकवला. शेवटी काकाच बोलले, खिडकीकडे बघत.

"त्या दिवशी मी मागे गेलोच नव्हतो."

"कुठे मागे?"

"गाडीच्या. बेचाळीस डबे होते. शेवटच्या डब्यापर्यंत चालत जायचं, तिथे हवा पोचली का बघायचं, ब्रेक लागतो का बघायचं, मग येऊन कागद द्यायचा. असा नियम. ऊन होतं, गुडघा दुखत होता, गाडीला उशीर झाला म्हणून वरून ओरडा चालला होता. मी दहा-बारा डबे चाललो आणि परत फिरलो. कॉकसुद्धा नीट बघितले नाहीत. सही करून कागद दिला." त्यांनी ओठ ओले केले. "हा कॉक बंद होता. हवा चार डब्यांना मिळाली. अडतीस डबे नुसते ढकलत होते मागून. कोणीही असता तरी ती गाडी थांबली नसती."

काकूंनी फोटो टेबलावर ठेवला. मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि तुम्हाला हे तेव्हापासून माहीत होतं?"

"कॉकचं नव्हतं. चौकशीत वेग म्हणाले, मी म्हटलं, वेगच असेल. तेच धरून बसलो इतकी वर्षं." त्यांनी फोटो पालथा केला. "मी मागे गेलो नाही, हे मात्र माहीत होतं."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. घासलेलीच भांडी त्या परत घासत होत्या. बाहेर आल्या तेव्हा पदराला हात पुसत म्हणाल्या, "ती पोरगी रविवारी येईल. तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण खोटा डबा मी पास करणार नाही."

रविवारी ड्रायव्हरची मुलगी आली. टेबलावर गाडी उभी होती. ती वाकली, हात पाठीमागे बांधून एकेक डबा बघत गेली. इंजिनाच्या खिडकीखालचा उडालेला रंग तिला दिसला, तेव्हा ती तिथेच थबकली. "हे बाबांचं कोपर," ती म्हणाली.

"पाचवा डबा बघ," काका म्हणाले. "पुढचं टोक. ही दांडी आडवी आहे. बाकीच्या सरळ आहेत."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तू विचारलं होतंस, बाबा काय म्हणाले. मी खोटं बोललो. कागद घेताना त्यांनी मला विचारलं, 'मागपर्यंत जाऊन आलात ना?' मी म्हटलं, हो."

मुलगी खुर्चीत बसली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली.

"आमच्या आईला काय वाटतं, माहीत आहे तुम्हाला?" ती म्हणाली. "त्या सकाळी तिचं आणि बाबांचं भांडण झालं होतं. कशावरून, तर मी शाळेची सहल नको म्हणत होते त्यावरून. तिला वाटतं, बाबा रागात गेले, रागात गाडी हाकली. एकोणीस वर्षं ती त्यांचं नाव घेत नाही. घरात एक फोटो लावलेला नाही."

काकांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"मला नका सांगू हे," ती म्हणाली. "मी तुमच्यावर ओरडेन, नाहीतर रडेन, आणि घरी जाईन. तिला सांगा. आत्ता चला."

काकू चपला घालून आधीच दारात उभ्या होत्या.

ड्रायव्हरची बायको दोन खोल्यांच्या घरात खिडकीजवळच्या पलंगावर बसली होती. पाय सुजलेले, केस नीट विंचरलेले. मुलीने ओळख करून दिली. काकांनी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली, अगदी साक्षीत सांगायला हवं होतं तसं. किती वाजता, कुठे, किती डबे चाललो, कुठून परत फिरलो. हवेचं, कॉकचं. सातवा फोटो त्यांनी पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"म्हणजे त्यांनी ब्रेक लावला होता?" तिने विचारलं.

"लावला असणार. ते चुकणारे नव्हते. लागलाच नसेल."

"वेळेवर?"

"हो. माझी खात्री आहे."

तिने डोळे मिटले. काकांना वाटलं, आता ही शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लेखी द्याल?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"देतो. रेल्वेच्या ऑफिसलाही देतो."

ते त्यांनी पुढे दिलं. दोन महिन्यांनी ऑफिसातून एक माणूस घरी येऊन त्यांचा जबाब घेऊन गेला. जुनी फाईल आता उघडते की नाही, ते त्याला सांगता आलं नाही. यार्डातल्या जुन्या सोबत्यांपैकी दोघांनी काकांशी बोलणं टाकलं. मुलगी गाडी घेऊन गेली, पण पुन्हा कधी काकांकडे आली नाही, आणि काकांनीही तशी अपेक्षा ठेवली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या रविवारी, सांगून झाल्यावर, काका जायला वळले. त्यांना तिथून कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं.

"कुठे चाललात?" ड्रायव्हरची बायको म्हणाली. "बसा."

"तुम्हाला त्रास..."

"बसा म्हणते ना."

मुलीने स्टूल पुढे केलं. काका त्याच्या कडेवर टेकले. काकू पलंगाच्या पायथ्याशी बसल्या.

"त्यांना पोहता येत नव्हतं," ती बाई म्हणाली, "आणि हिला पोहायला शिकवायला ते पाण्यात उतरले होते. गुडघाभर. तिथूनच सांगायचे, हात मार, पाय मार. हिला आठवत नसेल, चार वर्षांची होती." मुलीने मान वर केली. "टोमॅटो आवडायचे नाहीत, पण मी करीन ते खायचे. घड्याळ नेहमी पाच मिनिटं पुढे. झोपेत बोलायचे, तेही सिग्नलचं."

ती बोलत राहिली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत खाली फरशीवर आलं. काकांचा गुडघा ठणकत होता. एकदा त्यांनी पाय हलवला, तशी ती थांबली आणि त्यांच्याकडे बघू लागली.

"अजून झालं नाही माझं," ती म्हणाली.

काकांनी मान डोलावली, आणि ती पुन्हा सांगू लागली.