आत्यांची धुरी

आमच्या घरी हिवाळा आधी वासाने यायचा. बालाघाटाच्या माथ्यावरून गार वारा सुटायचा, शाळूच्या पानांवर दहिवर साचू लागायचे, आणि परसातल्या खव्याच्या भट्टीचा धूर वर आकाशाकडे न जाता जड होऊन ओसरीवर रेंगाळायचा. त्या धुरात बाभळीच्या लाकडाचा वास असायचा, आटत्या दुधाचा असायचा आणि माझ्या सासूबाईंच्या लुगड्याचाही असायचा; यातला कोणता कशाचा, हे लग्न होऊन ईट गावी आल्यापासून मला कधी वेगळे करता आले नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते. कढईतले दूध खव्यावर आले की त्याचा आवाज बदलतो म्हणे, आणि पाठमोऱ्या बसूनही आत्यांना तो बरोबर कळतो.

माया ही बोलायची वस्तू नव्हे, हातावेगळी करायची कामगिरी आहे, असा त्यांचा खाक्या. जेवताना ‘पुरे’ म्हटले की ताटात आणखी अर्धी भाकरी पडणारच. वर माझ्या माहेराला, तामलवाडीला, टोमणा ठरलेला : “तुमच्याकडं वाऱ्यावर जगत्यात का गं माणसं?” कुणी आभार मानले तर त्या जागेवरून उठून जातात.

पण आत्या खऱ्या अर्थाने पाहाव्यात त्या तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना. पाटावर बसून पाय लांब केलेले, नडग्यांवर पालथे घातलेले बाळ, तळव्यात कोमट तेल, आणि ओठांत ना गाणे ना ओवी, अशी केवळ एक अखंड गुणगुण. माझी आरू त्या गुणगुणीवर रडता रडता झोपायची. अंघोळ उरकली की धुरी. खोलीचे दार लावून, खिडकीच्या फटीत चिंधी कोंबून, खापरातल्या निखाऱ्यांवर ओवा, वेखंड आणि लसणाच्या साली टाकायच्या, आणि त्या दाट, करड्या, उग्र धुरावर बाळाला अल्लद फिरवायचे. धुरीने अंग धरते, कफ सुटतो, दृष्ट निघते. माझ्या माहेरीही हेच चाले, त्यामुळे मला त्यात वावगे वाटायचे कारण नव्हते. आळीतल्या बायका आपापली बाळे घेऊन आत्यांकडे येत, कारण धुरी द्यावी तर आत्यांनीच. हात आखडता घेणे त्यांना ठाऊकच नव्हते.

पौषात आरूला खोकला झाला. नुकती बसायला लागली होती ती. खोकला वाढला तशी आत्यांनी धुरी वाढवली. सकाळची होतीच, आता संध्याकाळचीही सुरू झाली, आणि मधल्या वेळात ऊब मिळावी म्हणून तिला मांडीवर घेऊन त्या भट्टीपाशी बसू लागल्या. मग एका दुपारी आरूने दूध तोंडात धरले आणि सोडून दिले. तिचे पोट लोहाराच्या भात्यासारखे उडत होते, आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खळगी पडत होती. शेजारच्या काकू आल्या, बघून म्हणाल्या, “डबा झालाय पोरीला. बिब्ब्याचा चटका द्या पोटाला, उतरंल.” तान्ह्या लेकरांच्या अशा धापेला आमच्याकडे डबा म्हणतात. मी आत्यांकडे पाहिले. काकूंकडे पाठ करून त्या मला म्हणाल्या, “गाडी काढाय सांग त्याला.” तो म्हणजे माझा नवरा. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आत्यांनी आरूला माझ्याकडेसुद्धा दिले नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्याहून लहान असेल. तिने आरूचे झबले वर केले, आणि कुठेही हात न लावता, एक डोळा घड्याळावर ठेवून तिची छाती नुसती पाहत राहिली. न्यूमोनिया आहे, म्हणाली. नाकाशी प्राणवायूची नळी लागली, इवल्या मनगटात सुई गेली. मग तिने विचारले, घरात धूर होतो का? बाळाला धुरी देता का?

“देती की,” आत्या म्हणाल्या. आवाजात अभिमान होता. “खोकला झाल्यापासनं दोन्ही टायमाला देती. एकबी दिस चुकवली न्हाय.”

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते, असे पुढे वाटत राहिले. रागाला उलट उत्तर तरी देता येते. ती मऊ आवाजात म्हणाली, “आजी, हा आजार जंतूंनी होतो. पण धुरानं एवढंसं फुप्फुस आधीच दमून जातं, मग ते जंतूंशी भांडणार कसं? धुरी बंद करा. भट्टीपासून लांब ठेवा हिला. आणि श्वास असा जोरात चालला, छाती आत ओढली, दूध सोडलं, की घरी वाट बघायची नाही, निघून यायचं.” आत्यांनी मान हलवली. त्यांचे दोन्ही हात पदराखाली गेले आणि तिथेच राहिले.

आरू सावरली. औषधांनी ताप उतरला, भाता मंदावला, आणि एका सकाळी तिने असे काही अधाशीपणे दूध ओढले की मी हसता हसता रडले. घरी आल्यावर नवऱ्याने भट्टी मळ्याच्या पार टोकाला नेली. सारे आपापल्या जागी आले. आत्या तेवढ्या आल्या नाहीत. त्या आरूला हात लावेनात. तिला न्हाऊ घालायची वेळ झाली की त्यांना गोठ्यात काम निघे. मळ्यातून आल्या की डोक्यावरून पाणी घेत, धुतले लुगडे नेसत, आणि तरीही उंबऱ्यातच थांबत. आरू रांगत त्यांच्याकडे निघाली की त्या उठून उभ्या राहत. मी किती वेळा म्हणाले, “आत्या, पोरगी बरी झाली की. कुणी काय म्हणतंय का तुम्हाला?” त्यावर “व्हय,” एवढेच, आणि नजर बांधावर. मला वाटले, रुसल्यात. म्हातारपणी मान दुखावला की बरा व्हायला वेळ लागतो.

माघातल्या एका दुपारी, उन्हाला पहिली धग येऊ लागली तेव्हा, अंगणात गोधडीवर आरू झोपली होती. मी धुणे वाळत घालून वळले तर आत्या तिच्याशेजारी ओणव्या झालेल्या. स्पर्श नव्हता. कान तेवढा तिच्या छातीजवळ नेऊन त्या ऐकत होत्या. मी दिसल्यावर दचकून सरळ झाल्या, आणि मग, माझ्याकडे न बघता, बोलल्या.

“तुझ्या नवऱ्याआधी मला एक पोरगी झालती.”

मला ते ऐकून ठाऊक होते. एक लेकरू डब्याने गेले, इतकेच. नाव कुणी घेत नसे.

“अशीच थंडी व्हती. अशीच पोट उडवायची. म्या दार लावून घेतलं, धुरी केली. मांडीवरनं उठलेच न्हाय. गेली, तवा समद्या म्हणाल्या, धुरी कमी पडली.” त्यांनी गोधडीची दुमडलेली कड सरळ केली. “म्या बी इतकी वर्सं तेच धरून बसले, बाय. कमी पडली म्हणून. म्हणून पुढं कुणाच्याच लेकराला कमी पडू दिली न्हाय.”

ज्याला आम्ही आत्यांचा सढळ हात म्हणत आलो, तो जन्मभराचा पश्चात्ताप होता, आणि तोही उलट्या दिशेने चाललेला. मी घाईघाईने बोलू लागले. आजार जंतूंचा असतो, डॉक्टरच म्हणाल्या. तेव्हा धड रस्ता नव्हता, जवळ दवाखाना नव्हता, अशी औषधे नव्हती. धुरी दिली नसती तरी वाचली असती असे कुणी सांगावे. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. आत्यांनी सगळे ऐकून घेतले.

“रस्ता नव्हता, त्ये ठाव हाय मला,” त्या म्हणाल्या. “पर हात माझेच व्हते की.”

एवढ्यात आरू जागी झाली आणि तिने आत्यांकडे दोन्ही हात पसरले. आत्यांनी माझ्याकडे पाहिले. ज्या बाईने आयुष्यात कुणाला विचारून काही केले नव्हते, तिने अंगणात, माझ्यासमोर, खालच्या आवाजात विचारले, “घिऊ का हिला?”

“घ्या की आत्या, तुमचीच हाय,” मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

त्यांनी तिला उचलले. पण छातीशी धरली नाही, परक्याचे लेकरू धरावे तशी जरा दूरच धरली. काळ दुःखाची धार बोथट करतो म्हणतात. पण या घरातून निघून गेलेली ती पोर आहे तेवढीच राहिली, तिची आई म्हातारी झाली, आणि इतक्या वर्षांनी, डॉक्टरिणीच्या एका मऊ बोलण्याने, ती त्या आईच्या मांडीवर पुन्हा पहिल्यापासून मरू लागली आहे.