धनलक्ष्मीच्या अंगठ्याखाली

मित्रांनो, दुकानाच्या काचेआड होतो तेव्हा मी फार ऐटीत असायचो. आता मी एक जुना मोबाइल आहे. कोपऱ्यात तडा गेलेला, वायर वाकडी धरली तरच चार्ज होणारा. जयनगरच्या दुकानातून धनलक्ष्मीने मला पहिल्या पगारात घेतलं. बसवनगुडीच्या घरी आल्यावर तिच्या आईने माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवलं. तेव्हा माझे फार लाड होते. आता मी उशीखाली, डब्याच्या पिशवीत, कुठेही पडलेला असतो. त्याचं मला दुःख नाही. माझं दुःख वेगळं आहे.

चिकपेटच्या एका बोळात जयसिंगराव नावाचे शिंपी आहेत. धनलक्ष्मीचं पहिलं परकर-पोलकं त्यांनीच शिवलं. ती त्यांना काका म्हणते. त्यांच्या घरचा एक नेम आहे. अमावास्येला नव्या कापडाला हात लावायचा नाही. त्या दिवशी दुकान उघडं असतं, पण फक्त आधी बेतलेलंच काम चालतं.

अशाच एका अमावास्येला एक मुलगी नवं कापड घेऊन आली. काका म्हणाले, "आज नको अम्मा, उद्या ये." आणि कापड हाताने न उचलता त्यांनी ते लाकडी पट्टीने तिच्याकडे सरकवलं. नेम काय तो सांगायचं त्यांना सुचलंच नाही. गिऱ्हाइकाला सगळं ठाऊकच असतं, असं त्यांना वाटतं. मुलीच्या मैत्रिणीने पट्टीने सरकवणं तेवढं मोबाइलवर टिपलं, काकांच्या आवाजावर गाणं घातलं आणि खाली लिहिलं, 'जात बघून कापड शिवणारा शिंपी.' मुलगी खोटारडी नव्हती. गावी तिला पाणीसुद्धा वरून ओतायचे, असं तिने त्या व्हिडिओखाली लिहिलं होतं. तिला जे वाटलं ते खरंच वाटलं होतं.

धनलक्ष्मीने तो व्हिडिओ मेट्रोत पाहिला. "अय्यो, अमावास्या होती ना," ती पुटपुटली. मी ऐकलं. एवढंच तिने लिहिलं असतं तरी पुरे होतं. पण तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर प्रणीतने विचारलं, "धनलक्ष्मी, हे तुमच्यातलेच ना? तू गप्प कशी?" तिचा अंगठा घामेजला. आपल्यालाही काकांच्या शेजारी उभं करतील, ही भीती तिला वाटली. तिने लिहिलं, 'मी ह्यांना लहानपणापासून ओळखते. हे आधीपासून असेच आहेत. ह्यांच्याकडे कोणी जाऊ नका.'

मग मी थरथरू लागलो. अनोळखी माणसं तिच्या धैर्याची तारीफ करत होती, लाल बदाम पाठवत होती. तिने पुन्हा पुन्हा मला उघडून पाहिलं आणि ती हसली. भीतीपोटी लिहिलेल्याची तिला गोडी लागली होती. मला तिचा राग आला, पण मोबाइलच्या रागाला विचारतो कोण?

ओळखीच्या माणसाने लिहिलं म्हणून तिचंच वाक्य सगळीकडे फिरलं. लग्नाच्या ब्लाउजांची कापडं लोक न बेतताच परत घेऊन गेले. काकांच्या दुकानाच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं.

एका रविवारी सकाळी काका घरी आले. चष्मा पुसत म्हणाले, "स्वल्प, थोडं वाचून दाखव ग, काय काय लिहिलंय ते. मला इंग्लिश अक्षरं लागत नाहीत." धनलक्ष्मी वाचू लागली. मध्येच थांबली, पण काकांनी "पुढे?" म्हटल्यावर स्वतःचंच वाक्य तिने मराठीत वाचलं.

"लहानपणापासून ओळखते म्हणते? कोण ती?"

"नाव दिसत नाही, काका."

नाव माझ्या काचेवर होतं. काकांच्या नाकासमोर होतं.

"ओळखीची असती तर दुकानात येऊन विचारली असती की," काका म्हणाले. "सरी, असू दे, सोड. आता तू लिही. अमावास्येचं सांग. त्या पोरीला म्हणावं, माझं चुकलं, मी बोलून सांगायला हवं होतं. तुझं लोक ऐकतील."

तिने सगळं लिहिलं. शेवटी तर तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता सुटलो. अंगठा पाठवायच्या बटणावर आला आणि तिथेच अडकला. ज्यांनी काल तारीफ केली, ते उद्या तिलाच धरणार होते. तिने मला पालथं ठेवलं.

"गेलं का?" काकांनी विचारलं.

"गेलं, काका."

काका चहा पिऊन गेले. तेव्हापासून ते दुकान रोज लवकर उघडतात, असं तिची आई सांगते. लोकांनी वाचलं असेल, आता येतील, असं त्यांना वाटतं.

मित्रांनो, तो मजकूर अजून माझ्या पोटात पडून आहे. मी तापतो, थरथरतो, वाजतो, पण एक अक्षर स्वतःहून पाठवू शकत नाही. माझी काच फुटू द्या, मला कुठेही टाका. पण कुणाविषयी काही लिहायच्या आधी एकदा त्याच्या दारात जा आणि त्याला विचारा. आणि चुकून आधीच लिहून बसला असाल, तर तो माणूस अजून वाट पाहतोय.