अर्जुनाचा सत्कार

आमच्या गावाला सत्काराची भारी हौस. पोरगं भरती झालं, सत्कार. पहिल्या सुट्टीवर आलं, पुन्हा सत्कार. कुणाची बदली झाली, कुणाची म्हैस प्रदर्शनात पहिली आली, की शाल, नारळ, फेटा आणि हार. रहिमतपूरच्या हारवाल्याचं घर आमच्याच जिवावर दोन मजली झालं असं मी म्हणतो, आणि ते फार खोटं नसावं. तेव्हा नाथाजी मेजरांच्या हरण्या-पाखऱ्या या बैलजोडीनं शर्यतीचं मैदान मारलं, त्या दिवशी गावानं काय केलं असेल ते सांगायला नको.

बैल माझ्याच पिकअपमधून आणले. वेशीपासून गुलाल, डीजे, आणि दोघांच्या गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणारे हार. झेंडूची फुलं, मधे सोनेरी चमकीच्या पट्ट्या आणि आकार टिकावा म्हणून आतून बारीक तार. गोठ्यात बांधताना अर्जुना हार काढायला गेला. अर्जुना म्हणजे मेजरांचे बैल सांभाळणारा गडी. मूळचा जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. फार वर्षांपूर्वी उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आला, मेजरांच्या बैलांत रमला आणि बायको सुलाबाईला घेऊन इथंच राहिला. मेजर त्याला म्हणाले, "राहू दे रं. आज त्यांचा दिस हाय. सकाळी शिवतेजला फोटू काढायचं हाईत."

शिवतेज हा मेजरांचा मुलगा. सकाळी तो मोबाईल घेऊन गेला तर दोन्ही हार अर्धेच राहिलेले. बैलांनी एकमेकांचे हार खाल्ले म्हणून आम्ही पोट धरून हसलो. त्याचीही रील निघाली आणि बरीच चालली.

त्याच आठवड्यात हरण्यानं वैरण सोडली. पाठीची कमान करून उभा राहायचा, हलवला की कण्हायचा. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. नेईपर्यंत बैल आडवा झाला आणि गेला. कशानं गेला ते पोट उघडून बघू, असंही डॉक्टर म्हणाले. पण गाव ऐकेना. गावाचं नाव केलेला जीव, त्याला चिरायचा कसा? गुलाल उधळून, वाजतगाजत मेजरांच्या बांधावर त्याला पुरला. मेजरांनी आयुष्यात दोनदाच रडून दाखवलं, एकदा आई गेली तेव्हा आणि एकदा त्या खड्ड्यापाशी.

रडून झाल्यावर माणसाला कुणीतरी हातात सापडावं लागतं. विट्याकडच्या एका बैलवाल्याबरोबर अर्जुना चहा पितानाचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. तो बैलवाला याला आपल्याकडं बोलवत होता आणि हा नाही म्हणून आला होता, हे नंतर कळलं. त्या दुपारी मात्र फोटोखाली कुणी 'सुपारी' लिहिलं, आणि चहाचे कप निवायच्या आत सगळ्या गावानं ते वाचलं. मैदानातली चुरस, बैलांचे दुष्मन, विषप्रयोग. ज्यांना आपल्या शेरडाचा आजार कळत नाही ते विषाची नावं सांगायला लागले.

देवळात सभा झाली तेव्हा मी भाडं घेऊन कराडला गेलो होतो. पण शिवतेजनं व्हिडिओ टाकला, तो सगळ्यांनी पाहिला तसा मीही पाहिला. अर्जुना खांबापाशी उभा आहे. लोक एकदम बोलतायत. मग तो सुलाबाईकडं हात पुढं करतो, ती पदराची गाठ सोडते आणि त्याच्या तळहातावर भंडारा ठेवते. अर्जुना तो उचलून म्हणतो, "बिरोबाची आण हाय. ह्या हातानं हरण्याला वैरणीबिगर काय बी घातलं आसंल, तर माझ्या घरात मेंढरू ऱ्हाऊ ने, मानूस ऱ्हाऊ ने."

त्यांच्यात भंडारा उचलला की विषय संपतो. सख्खा भाऊ असो की वैरी, पुढं कुणी विचारत नाही. आमच्याकडं गर्दीतून आवाज आला, "हळदच हाय की ती. माझ्या घरी डबा भरून हाय." लोक हसले. मग माईकवर मेजर दिसतात. डोळे लाल, आवाज पलटणीतला. "माझ्या हरण्याला ह्यानंच मारलं. ह्याचं तोंड बघायचं न्हाई मला." अर्जुना त्यांच्याकडं बघत राहतो, आणि व्हिडिओ तिथं संपतो. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको एसटीनं जतकडं गेली.

महिनाभरानं पाखऱ्यानं तशीच पाठ काढली. तसंच कण्हणं. या वेळी मेजरांनी कुणाला विचारलं नाही. मला म्हणाले, "पप्पू, गाडी काढ," आणि आम्ही थेट शिरवळचा जनावरांचा मोठा दवाखाना गाठला. तिथं डॉक्टरांनी बैलाची कूस उघडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांत वीतभर तार होती. तिला सोनेरी चमकीची पट्टी अजून चिकटलेली.

"हार खाल्लाय का यानं?" डॉक्टरांनी विचारलं. मेजरांनी तार धुऊन रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. पाखऱ्या वाचला. परत येताना ते शेजारी बसून रस्त्याकडं बघत होते. मधेच म्हणाले, "राहू दे म्हनलो मीच." मी गाडी चालवत राहिलो.

बातमी लपली नाही. पण गावात कुणी तिच्यावर मोठ्यानं बोलेना. सभेचा व्हिडिओ काढून टाक, असं मी शिवतेजला म्हणालो. तो म्हणाला, "आता डिलीट केला तर आपुन चुकलो आसं दिसंल."

त्याच सुमाराला सुलाबाईचा मेजरांच्या मालकिणीला, चंद्राबाईंना, फोन आला. चंद्राबाईंनी स्पीकर लावला, मी ओसरीवरच होतो. सुलाबाई रडत नव्हती, सरळ सांगत होती. त्यांच्या गावात लोक म्हणत होते, भंडारा उचलूनही सगळ्या गावानं हाकलला, म्हणजे यानं भंडारा खोटाच उचलला असणार. देवाच्या कामाला त्याला कुणी हात लावू देईना. भाऊ ताटाला ताट लावून बसेना. "वैनी, आमाला दुसरं काय बी नगं. मेजरांनी हितं यून देवळात यवढंच सांगावं, ह्याचा भंडारा खरा व्हता. त्यांचं तोंड लोकं मानत्याली."

मेजर आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "जातो मी. सांगतो." चंद्राबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला खरंच वाटलं, सुटलं एकदाचं.

पण मेजर एकटे जातील तर ते आमचं गाव कसलं? सरपंच वीरधवल आले, चार जाणती माणसं आली. एकट्यानं जाऊन माफी मागणं बरं दिसत नाही. माफी मागितली तर उद्या केस करील. आणि गावानं कुणाची माफी कशी मागायची, गाव म्हणजे आईबाप. शेवटी वीरधवलनी तोड काढली. "माफीनं मानूस ल्हान हुतंय. आपुन त्याचा सत्कार करू. गावाची बी शान ऱ्हाईल, त्याची बी." सगळ्यांना पटलं. मेजर "व्हय" म्हणाले नाहीत आणि "न्हाई"ही म्हणाले नाहीत. फौजेत एवढी वर्षं काढलेला माणूस, पण गावातल्या चार जणांपुढं त्याची मान वर होईना.

गाडी माझीच. तासगावच्या पुढं ऊस विरळ झाला, मग संपला, आणि दोन्ही बाजूंना कोरडी ज्वारीची रानं लागली. मेजर पुढं माझ्या शेजारी, बाकीचे मागं हौद्यात, मधली काच उघडी, हाराची पिशवी शिवतेजच्या मांडीवर. मेजर ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. मी ऐकलं. "ह्याचा भंडारा खरा व्हता." पोरगं पाढा पाठ करतं तसं.

बिरोबाच्या देवळापुढं पन्नासेक माणसं जमलेली. त्यांना खबर होती. त्यांचा पुजारी, एक म्हातारा, भंडाऱ्याचं ताट मांडीवर घेऊन बसला होता. मेजर बोलले की तो ते अर्जुनापुढं धरून त्याला परत आपल्यात घेणार, हे न सांगता कळत होतं. सुलाबाई खांबाला धरून उभी होती. अर्जुना वाळला होता.

वीरधवलनी भाषण केलं. बैलांची सेवा, दोन गावांचं प्रेम, गैरसमज कुठं होत नाहीत. शाल घातली, फेटा बांधला, नारळ दिला. हार मेजरांच्या हातून घातला. शिवतेजनं चारी बाजूंनी फोटो काढले. टाळ्या फक्त आमच्या माणसांनी वाजवल्या.

अर्जुनानं विचारलं, "मेजर, सत्कार कशापायी हो?"

सगळे मेजरांकडं बघायला लागले. त्यांचा ओठ हलला. मी मनात म्हणालो, बोला, तासभर घोकलंय, बोला. त्यांनी वीरधवलकडं पाहिलं, शिवतेजच्या मोबाईलकडं पाहिलं, आणि अर्जुनाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तब्येतीला जप गड्या."

म्हातारा उठला आणि ताट घेऊन देवळात गेला. पाठोपाठ माणसं उठली. सुलाबाई तिथंच खाली बसली.

अर्जुनानं गळ्यातला हार काढला. पलीकडं शेरडं बांधली होती, तो तिकडं गेला. फुलं टाकायच्या आधी हारावरून बोटं फिरवली, गाठ उकलली आणि आतली तार सबंध ओढून काढली. फुलं शेरडांपुढं टाकली. तार गुंडाळून मेजरांच्या हातात दिली. म्हणाला, "संबाळून ऱ्हावा. पाखऱ्याच्या पाठीवरनं माझ्या नावानं हात फिरवा." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

परतीला मागं गप्पा रंगल्या. कार्यक्रम झकास झाला, असं वीरधवल म्हणाले. शिवतेजनं फोटो टाकले, वर लिहिलं 'माणुसकी जपणारं गाव'. जुना व्हिडिओ त्याच्या खालीच होता. मेजर मुठीत ती तार धरून बसले होते.

जत मागं पडलं तसे ते एकदम म्हणाले, "पप्पू, गाडी मागं घे."

मी लगेच वेग कमी केला, गाडी कडेला घेतली. मनात म्हटलं, देव पावला. मागून वीरधवल म्हणाले, "काय झालं मेजर? काय इसरलं का?"

मेजरांनी मागं वळून सगळ्यांची तोंडं बघितली. मग पुढं बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "राहू दे रं."