सुजयनं काढलेले हात

सुजयला जाऊन वर्ष होत आलं, तरी नातेवाइकांत प्रेमलताबाई अजून ‘किडनीचं दुखणं’ म्हणूनच सांगत. मुलगा स्वतः मात्र कधी लपला नाही. चौकाचौकांत चित्रं मांडून तो लोकांना म्हणायचा, मला एड्स आहे, औषध उशिरा सुरू केलं, तुम्ही उशीर करू नका.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात त्याच्या मित्रांनी पलासियाच्या एका हॉलमध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन आणि स्मृतिसभा ठरवली. त्यांच्यातला बंटी सभेची पत्रिका घेऊन सुदामा नगरला घरी आला.

“काकू, यात बीमारीचं नाव लिहिलंय. तुम्ही म्हणाल तर हटवून टाकतो.”

थोरले दीर अप्पासाहेब तिथेच बसले होते. हटवाच, घरात अजून मुलींची लग्नं व्हायचीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाईंनी पत्रिका दोनदा वाचली. मुलानं जे उघड सांगितलं ते आईनं कसं खोडायचं, हे त्यांना उमगेना.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. अप्पासाहेब चहा न घेताच उठून गेले.

सभेच्या दिवशी बाई हॉलवर पोचल्या तर भिंतींवर नुसते हात. चहाचा ग्लास धरलेले, मुलीची वेणी घालणारे, गोळ्यांची बाटली उघडणारे. दवाखान्यात औषधाच्या रांगेत बसलेल्यांना चेहरा दाखवायचा नसे, म्हणून सुजय त्यांचे हात काढायचा, असं बंटीनं सांगितलं.

वेणीच्या चित्रासमोर ओढणीनं तोंड झाकलेली एक बाई केव्हाची उभी होती. प्रेमलताबाई जवळ गेल्या तशी ती हळूच बोलली. नाव सुरभी, महूहून आलेली. “हे माझे हात आहेत, काकू. घरी कुणालाच माहीत नाही. सुजयदादा म्हणायचे, चेहरा तुम्हाला वाटेल तेव्हा दाखवा, घाई नाही.”

बाईंनी तिचा हात हातात घेतला. बोलायला बोलावलं तेव्हाही तो सोडवेना, पण माइकपाशी जावं लागलं. भाषण त्यांना कुठलं येणार?

“माझा सुजय एड्सनं गेला,” त्या म्हणाल्या. “मी वर्षभर खोटं सांगत होते. शेवटचे चार महिने त्याला माझ्या हातानं भरवलं. त्याला मुगाची खिचडी आवडायची.” एवढं बोलून त्या खाली येऊन बसल्या. सुरभी शेजारी सरकली. ओढणी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. पाठोपाठ अप्पासाहेबांचा फोन. ते रागावून बोलत राहिले, बाई ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, रविवारपर्यंत चित्रं आहेत. एकदा बघून जा.”

ते येतील असं त्यांना वाटलं नव्हतं. रविवारी दुपारी इस्त्रीचा कुर्ता घालून आले, एकेका चित्रापुढे थांबले. सगळा हॉल फिरून झाल्यावर त्यांनी विचारलं, “प्रेमलता, यात आपल्या सुजयचे हात कुठले?”

“नाहीत. काढणारा तोच होता ना, त्याचे कोण काढणार?”

अप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग खुर्ची ओढून भावजयीशेजारी बसले, ते हॉल बंद होईपर्यंत उठले नाहीत.